कारवान की लॅब्राडॉर : खानदेशातल्या घरासाठी कुत्रा निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भुसावळच्या घरात दहा वर्षे लॅब्राडॉर होती आणि चोपडा तालुक्यातल्या मामेभावाच्या मळ्यात आज कारवान आहे. त्यामुळे नात्यातली आणि ओळखीची माणसे कुत्रा घेण्याआधी हटकून विचारायला येतात. त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाची सविस्तर लिहून ठेवली आहेत.

तुलना या दोनच जातींची का केली आहे?

आपल्याकडे निवड प्रत्यक्षात याच दोघांपाशी येऊन अडते. शहरात राहणाऱ्या मुलांना लॅब्राडॉर हवा असतो आणि गावी शेती सांभाळणाऱ्या काकांना कारवान. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, मात्र कुत्रा नेमका कोणाच्या घरी राहणार आहे हे बोलायचे राहून जाते. शिवाय या दोन जाती एकमेकींपासून इतक्या दूरच्या आहेत की एकीचा गुण तोच दुसरीचा दोष ठरतो.

लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत गारठलेल्या पाण्यात काम करत असत. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडात गेले, तेथे बंदुकीने पाडलेले पक्षी पाण्यातून उचलून आणण्यासाठी त्यांची जोपासना झाली आणि १९०३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. अंगावरचा दुहेरी केसांचा थर, बोटांमधला पडदा, वल्ह्यासारखी जाड शेपटी आणि माणसाचा शब्द झेलण्याची हौस, हे सारे त्या कामातून आले आहे.

कारवान दख्खनचा. व्यापारी तांड्यांबरोबर त्याचे पूर्वज पश्चिमेकडून इकडे आले असे मानले जाते आणि नावही त्यावरूनच पडले असावे. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, म्हणून तिला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅरव्हान हाउंड या नावाने करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड या नावाने. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंड होता. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. माळावर ससा दिसला की मालकाच्या हुकमाची वाट न पाहता धावणे, हेच त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होते.

खानदेशच्या उन्हाळ्यात लॅब्राडॉर पाळता येतो का?

पाळता येतो, परंतु मार्चपासून जूनपर्यंत घराचे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरवावे लागते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी लॅब्राडॉरचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, कधी त्याही पुढे सरकतो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळात ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि माणसासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो. बाहेरची हवा शरीरापेक्षा तापलेली असली की तो उपायही तोकडा पडतो.

आमच्या चिकूच्या बाबतीत माझी चूक झाली ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. सकाळी साडेदहा म्हणजे काही दुपार नव्हे, अशा समजुतीने मी तिला पंधरा मिनिटे खाली फिरवून आणले. घरात येताच ती मोरीजवळच्या फरशीवर पोट टेकून पडली. जीभ नेहमीपेक्षा रुंद होऊन बाजूला लोंबत होती, लाळ दोरीसारखी चिकट झाली होती आणि हिरड्या कापलेल्या बिटासारख्या गडद दिसत होत्या. नेमकी वीज गेल्याने कूलर बंद होता. आम्ही माठातले पाणी तिच्या पोटावर, जांघेत आणि पंजांवर ओतत राहिलो, इन्व्हर्टरवरचा पंखा तिच्याकडे वळवला आणि तशाच ओल्या अंगाने तिला दवाखान्यात नेले. तेथे ताप १०७ अंश फॅरेनहाइट भरला. ती वाचली, पण पुढचे दोन दिवस सलाईनवर होती.

उन्हाचा झटका आल्याची शंका येताच आधी अंग गार करावे आणि मग दवाखाना गाठावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, कारण काही वेळातच तो तापतो आणि उष्णता आत कोंडून धरतो. वारा मिळेल अशा जागी पाणी ओतत राहणे अधिक उपयोगी पडते. उन्हाळा आला म्हणून लॅब्राडॉरचे केस मशिनने भादरू नयेत, कारण तोच थर थेट उन्हापासून कातडीचे रक्षण करतो. सैल झालेले केस रोज विंचरून काढावेत. फिरवणे पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी आणि ती ठेववत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नये. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर मात्र त्याला दुपारी कधीही बांधू नये.

मग कारवानला ऊन बाधत नाही का?

लॅब्राडॉरच्या तुलनेत पुष्कळ कमी बाधते. आखूड केस, अंगावर चरबी नाही, लांबट तोंड आणि खोल छाती, अशी त्याची ठेवण आहे. तरीही मेमधल्या दुपारी त्याला पळवणे हा अविचारच होय. त्याचा खरा शत्रू हिवाळा असतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा त्याला उघड्या ओट्यावर ठेवू नये. जुनी गोधडी आणि आडोसा दिला तर तो स्वतःला गुंडाळून निवांत झोपतो.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. अशा घरात कोणता कुत्रा राहू शकेल?

घराच्या चौरस फुटांपेक्षा त्याला रोज खाली घेऊन जाणारा माणूस कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. लॅब्राडॉर माणसांत रमतो, त्यामुळे फ्लॅटमध्ये तो सुखाने राहतो. परंतु त्याला एकटे कोंडून घरातले सगळे आठ तास कामावर जाणार असतील तर सोफा, चपला आणि दाराची चौकट शिल्लक राहील याची खात्री नाही. केसगळती बारमाही असते. वरणाच्या वाटीत एखादा केस सापडला तर ज्या घरात जेवण थांबते, त्या घराने याचा आधीच विचार करावा.

कारवान घरात आश्चर्य वाटावे इतका शांत असतो आणि दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. मात्र त्याला रोज मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत भरधाव पळायला मिळाले पाहिजे, आणि अशी जागा शहरात क्वचितच सापडते. साखळीला बांधून त्याला अर्धा तास चालवणे म्हणजे शर्यतीचा बैल टांग्याला जुंपण्यासारखे आहे. तेव्हा फ्लॅटपुरते बोलायचे तर लॅब्राडॉर, तोही घरात दिवसभर कोणीतरी असेल तरच.

राखणीसाठी कोणता चांगला?

‘घर राखाले कुत्रं पाह्यजे’ असे सांगत येणाऱ्यांना मी प्रथम विचारतो, भुंकणारा हवा आहे की चावणारा? बहुतेकांना प्रत्यक्षात भुंकणाराच हवा असतो.

लॅब्राडॉर भुंकतो, पण आत आलेल्या माणसाशी चटकन मैत्री करतो. त्याचे नाक अव्वल असल्यामुळे तो पोलिसांच्या पथकांत असतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटके हुडकणारा मुंबई पोलिसांचा जंजीर लॅब्राडॉरच होता. तथापि स्फोटके हुडकणे आणि दार राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. कारवान परक्याला जवळ येऊ देत नाही, अंगाला हात लावू देत नाही आणि दुरूनच हालचाल टिपतो. म्हणून मळ्यातल्या राखणीत तो उजवा ठरतो. तोही अंगावर धावून जाणाऱ्यांपैकी नाही. अनेक कारवान परका दिसला की मागे सरकून भुंकतात. कोणत्याही कुत्र्याला तिखट खायला घालून, डिवचून ‘तापट’ करण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती क्रूर आहे, आणि असा कुत्रा एक दिवस घरच्याच लेकराला चावतो.

घरात लहान मुले आणि वयस्कर आई-वडील आहेत.

मुलांसाठी लॅब्राडॉर. त्याचा दोष एवढाच की तो आपले तीस-पस्तीस किलो वजन विसरून जातो. दोन वर्षांचे मूल त्याच्या शेपटीच्या फटक्याने खाली बसते, आणि मांजर पाहून त्याने पट्टा ओढला तर सत्तर वर्षांच्या आजोबांचा तोल जाऊ शकतो. आजोबांकडे त्याचा पट्टा देण्याआधी त्याला सोबत चालण्याची शिस्त लागलेली असावी.

कारवान घरच्या मुलांशी नीट वागतो, पण झोपेत कोणी अंगावर पडलेले त्याला खपत नाही आणि शेजारची दहा मुले अंगणात येऊन त्याला कुरवाळू लागली तर तो कासावीस होतो. ज्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता आहे, लग्नसराईत वीस-वीस माणसे उतरतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. आहे तसा एकलकोंडा कुत्रा स्वीकारण्याची तयारी असेल तर घरच्यांवर तो जीव टाकतो.

मळ्यात कोंबड्या आणि शेळ्या आहेत. कारवान त्यांच्यात राहील का?

पिल्लू असल्यापासून त्यांच्यात वाढला तर घरच्या शेळ्यांना तो आपले मानतो. कोंबड्यांबाबत मी कोणालाही हमी देत नाही, आणि शेजारच्या कोंबड्यांबाबत तर मुळीच नाही.

मामेभावाच्या कारवानाचे एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर तो उभा होता. पुढचा एक पाय अर्धवट उचललेला, कान मागे चिकटलेले, पाठीवरची कातडी किंचित थरथरणारी. मला पलीकडच्या टोकाला काहीच दिसत नव्हते. भावाने त्याला नावाने तीनदा हाक मारली, तरी त्याचा कानसुद्धा हलला नाही. क्षणात तो निघाला आणि तेव्हा कुठे मला सशाची उडी दिसली. अशा वेळी शिकवलेले सारे व्यर्थ असते. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे आणि कुत्रा सोडून केलेली शिकारही त्यात येते. म्हणून कुंपण नसलेल्या शेतात त्याला मोकळे सोडू नये. कुंपणही निदान सहा फुटी असावे, कारण चार फुटांचे तारेचे कुंपण तो सहज ओलांडतो.

आपल्या भागात आणखी काही धोके आहेत. कापसावर किंवा केळीवर फवारणी झाली की ते शेत काही दिवस दोन्ही जातींना बंद ठेवावे, कारण पायाला लागलेले औषध कुत्रा चाटतो. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारा बेकायदेशीर असूनही लावल्या जातात आणि रात्री पळणारा कुत्रा त्यांत सापडतो. यावल, चोपडा, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा ही बिबट्याची सर्वात सोपी शिकार असते, मग तो कोणत्याही जातीचा असो. रात्री त्याला पक्क्या दाराच्या खोलीत घ्यावे.

आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. शाकाहारावर कुत्रा जगेल का?

जगतो, कारण कुत्र्याला भाकरी-भातातला पिठूळ भाग पचवता येतो. परंतु दूध-भाकरीला आहार समजू नये. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम अपुरे पडते आणि वाढीच्या वयात पिल्लाचे पाय वाकतात. डाळ, पनीर, दही, सोयाबीन यांची जोड द्यावी आणि पहिले वर्षभर तरी पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार शाकाहारी खाद्य किंवा पूरक औषधे द्यावीत. हे सगळे करूनही, ज्यांना मांसाहाराला अजिबात हात लावायचा नाही त्यांनी कारवानपेक्षा लॅब्राडॉर घ्यावा, असे मी सुचवतो. तो काहीही आवडीने खातो, तर कारवान ताटलीकडे पाहून निघून जातो.

खानदेशी स्वयंपाक दोघांनाही वर्ज्य समजावा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, म्हणजे भरीत, शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा तिघेही बाद. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही नकोत. बिनमिठाची कळण्याची भाकरी आणि केळ्याच्या एक-दोन फोडी चालतात.

लॅब्राडॉरची भूक हा स्वतंत्र विषय आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव करून देणाऱ्या यंत्रणेशी निगडित एक जनुक अपुरे असते. त्यामुळे त्याचे केविलवाणे डोळे म्हणजे उपाशीपणाचा पुरावा नव्हे. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. कारवानच्या बाबतीत नेमके उलटे आहे. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसणे स्वाभाविक असते, आणि ‘उपाशी ठेवता का हो?’ असे विचारणारा एक तरी पाहुणा दर महिन्याला भेटतो. त्याचे ऐकून कारवान जाडजूड करू नये.

शिकवायला सोपा कोणता?

लॅब्राडॉर. बिस्किटाच्या तुकड्यावर तो आठवड्यात बसायला शिकतो. कारवान दोनदा करून दाखवतो आणि तिसऱ्यांदा कंटाळतो. त्याच्यावर आवाज चढवला तर तो दिवसभर जवळ येत नाही.

आजारपणाचे काय? जवळ गुरांचा दवाखाना तेवढा आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसी आणि साधे उपचार होतात, पण एक्स-रे किंवा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जळगाव, धुळे किंवा नाशिक गाठावे लागू शकते. लॅब्राडॉरला कमरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे आनुवंशिक विकार होतात, कानात पाणी राहून संसर्ग होतो आणि वजन वाढले की सारेच बिघडते. तो अकरा-बारा वर्षे जगतो, त्यातली शेवटची दोन-तीन खर्चिक असतात.

कारवान एकंदरीत काटक असतो. मात्र त्याच्या बाबतीत एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी लागते. या शरीरयष्टीच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी अत्यल्प असल्याने भुलीची काही औषधे त्यांच्या शरीरात रेंगाळतात आणि शुद्धीवर यायला वेळ लागतो. नसबंदीची शस्त्रक्रिया ठरवताना जातीचे नाव स्पष्ट सांगावे. त्याची कातडी पातळ असते, बाभळीच्या काट्याने ती कागदासारखी फाटते. छाती खोल असल्यामुळे जेवणानंतर तासभर तरी त्याला पळू देऊ नये, नाहीतर पोट फुगून पिळवटण्याचा जीवघेणा प्रकार होऊ शकतो.

गोचीडताप दोघांनाही होतो आणि पावसाळ्यात तो आपल्याकडे फार आढळतो. हिरड्या पांढुरक्या दिसणे, खाणे सोडणे, ताप येणे ही लक्षणे दिसताच रक्त तपासावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, पशुवैद्य ठरवतील त्या अंतराने.

पिल्लू कुठून आणि कसे घ्यावे?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस दात पाहतो, चाल पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो आणि तरीही दोन दिवस विचार करतो. तोच माणूस पिल्लू मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून आगाऊ पैसे भरून घेतो! पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. आई भित्री किंवा रोगट असेल तर परत यावे. आम्ही हे केले नाही. एका विक्रेत्याने ‘दोन महिन्यांचे’ म्हणून दिलेल्या चिकूचे दुधाचे दात पाहून पशुवैद्य म्हणाले की ही फार तर पाच आठवड्यांची आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये.

लॅब्राडॉर घेताना आई-वडिलांच्या सांध्यांचे एक्स-रे झाले आहेत का, हे विचारावे. कारवानसाठी मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे. सोलापूर, लातूर आणि कर्नाटक सीमेकडच्या गावांतही ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी घरे आहेत. लांबट तोंडाचे प्रत्येक गावठी पिल्लू कारवान म्हणून विकले जाते, तेव्हा खुणा जाणणारा माणूस सोबत न्यावा.

मग सरळ गावठी पिल्लूच का घेऊ नये?

घ्यावे. इथल्या हवेला सरावलेला, कमी आजारी पडणारा आणि राखणीला चोख असा कुत्रा हवा असेल तर ज्या घरांना मी वरच्या दोन्ही जाती नको म्हणतो, त्यांतल्या निम्म्या घरांना गल्लीतले पिल्लूच योग्य ठरते. लस आणि नसबंदी मात्र त्यालाही चुकत नाही.

दोन्ही जाती एकत्र पाळता येतील का?

येतील, पण एका वेळी दोन पिल्ले आणू नयेत. पहिला कुत्रा दीड-दोन वर्षांचा होऊन शिस्तीला लागल्यावर दुसरा आणावा. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी खाऊ घालावे, कारण लॅब्राडॉर स्वतःचे संपवून कारवानचेही संपवतो आणि कारवान ते मुकाट्याने पाहत बसतो.

पिल्लू कोणत्या महिन्यात आणावे?

एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते म्हणून मुले हट्ट धरतात, पण लॅब्राडॉरसाठी ते सर्वात वाईट महिने आहेत. पावसाळ्यात पार्व्हो आणि गोचीड यांचा त्रास असतो. दिवाळीच्या आधी आणलेले पिल्लू फटाक्यांच्या आवाजाने कायमचे बुजू शकते, आणि कारवानच्या बाबतीत ही भीती अधिक, कारण बुजलेला कारवान दार उघडे दिसताच गावाबाहेर पोहोचलेला असतो. म्हणून दत्तजयंतीच्या सुमाराचे दिवस मला सोयीचे वाटतात. कारवानच्या पिल्लाला तेव्हा रात्री उबेची सोय करावी लागते. लॅब्राडॉरला मात्र पहिला मे महिना येईपर्यंत चार-पाच महिने मिळतात, आणि तेवढ्या काळात पहाटे साडेपाचला उठण्याची सवय पिल्लाला नसली तरी घरातल्या माणसांना लागलेली असते.